इंग्रजीतला ‘फार’, आपला ‘लांब’ आणि ‘दूर’

प्रश्न : मी सोलापुरात दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. ‘अक्कलकोट इज फॉर्टी किलोमीटर्स फार फ्रॉम सोलापूर’ असे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकांत येते आणि मी ते खोडते; परंतु खोडण्याचे कारण विद्यार्थ्यांना पटेल अशा शब्दांत मला सांगता येत नाही. मराठीत ‘अक्कलकोट सोलापूरपासून चाळीस किलोमीटर दूर आहे’ हे वाक्य निर्दोष असेल, तर त्याचे इंग्रजी वाक्य सदोष का ठरावे? शिवाय ‘फार’ (far) या इंग्रजी शब्दाचा अर्थ देताना ‘दूर’ लिहावे की ‘लांब’, याबद्दलही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : आपण वाक्य खोडता ते योग्यच आहे. इंग्रजीत मापाचा आकडा काही विशेषणांच्या आधी बसतो आणि काहींच्या आधी बसत नाही. ‘टेन मीटर्स लाँग’, ‘सिक्स फीट टॉल’, ‘थ्री फीट डीप’ हे चालते. ‘टेन किलोज हेवी’ मात्र चालत नाही, आणि ‘फार’ हा शब्द ‘हेवी’च्या पंगतीतला आहे. आकडा आला की इंग्रजी भाषक ‘फॉर्टी किलोमीटर्स अवे’ म्हणतो किंवा नुसते ‘फॉर्टी किलोमीटर्स फ्रॉम सोलापूर’ म्हणून मोकळा होतो. गंमत अशी की, तुलना करायची झाली तर ही बंदी उठते. ‘फाइव्ह किलोमीटर्स फार्दर’ हे शुद्ध इंग्रजी आहे, जसे ‘फाइव्ह किलोज हेविअर’ शुद्ध आहे.

मराठीत अशी बंदीच नाही. पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे, हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे, असे आपण सहज म्हणतो, कारण ‘लांब’ आणि ‘दूर’ हे दोन्ही शब्द आकडा आधी ठेवून चालतात. सोलापुरात तर ही सवय मराठी घरांपुरती मर्यादित नाही. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत ‘दूरं’ आहे, कन्नड घरांत ‘दूर’ आहे, दखनी उर्दूतही ‘दूर’च आहे, आणि या सर्व भाषांत तो शब्द आकड्यासोबत विनातक्रार येतो. त्यामुळे विद्यार्थी घरी कोणतीही भाषा बोलत असला, तरी इंग्रजी वाक्य बनवताना त्याची चूक एकाच ठिकाणी होते. तिला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

याहून महत्त्वाची आणि शाळेत क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट अशी की, अंतर सांगणारा हा ‘फार’ इंग्रजीत मुख्यतः प्रश्नात आणि नकारात वावरतो. ‘हाऊ फार इज इट?’ आणि ‘इट इज नॉट फार’ ही रोजची वाक्ये आहेत. पण ‘येस, इट इज फार’ असे साधे होकारार्थी उत्तर इंग्रजी कानाला अपुरे वाटते, आणि तिथे ‘इट इज अ लाँग वे’ हा प्रयोग येतो. ‘टू’, ‘सो’ किंवा ‘अवे’ सोबत असले तर होकारातही तो शब्द खपतो. हा नियम परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या ‘फारसा’ या शब्दाकडे पाहावे. ‘स्टेशनपासून सिद्धेश्वर मंदिर फारसे लांब नाही’ हे वाक्य बिनचूक आहे, पण ‘फारसे लांब आहे’ असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. विद्यार्थ्यांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा ‘फारसा’चे उदाहरण द्यावे, असे मी सुचवेन.

आता ‘दूर’ की ‘लांब’. केवळ रस्त्याचे अंतर विचारायचे असेल, तर बोलण्यात ‘लांब’ हाच शब्द येतो. सोलापूरच्या ‘सात रस्ता’ चौकात उभे राहून कोणी ‘किल्ला किती दूर आहे?’ असे विचारले, तर रिक्षावाल्याला अर्थ कळेल, परंतु विचारणारा पुस्तकातून किंवा हिंदीतून बोलतो आहे हेही कळेल; आणि उत्तर येईल ते ‘लांब न्हाई की’ असेच येईल. ‘लांब’चा मूळ संस्कृत अर्थ लोंबणारा, म्हणून तो लांबीही सांगतो आणि अंतरही. त्यातूनच ‘काम लांबले’, ‘लग्न लांबणीवर पडले’ असे काळाचे प्रयोग आले आणि ‘लांब पल्ल्याची गाडी’ आली. ‘दूर’ने मात्र मनाचा आणि विचाराचा प्रांत घेतला आहे. अडचण दूर होते, लांब होत नाही. भावाभावांत दुरावा येतो, लांबी येत नाही. आणि दूरदृष्टी असलेल्या माणसाला कोणी लांबदृष्टीचा म्हणत नाही. नातेवाईक तेवढा लांबचाही असतो आणि दूरचाही. तेव्हा ‘हाऊ फार’साठी ‘किती लांब’ लिहावे. कोशात ‘दूर’ आधी येतो म्हणून तो सर्वत्र चिकटवू नये.

पुरवणी प्रश्न : वरील उत्तराबद्दल आभार. परंतु इंग्रजी ‘फार’ आणि मराठी ‘फार’ यांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे, आणि दोन्ही शब्द अधिकपणा दाखवतात. इंग्रजीत ‘फार बेटर’ आहे, मराठीत ‘फार चांगले’ आहे. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानता येतील काय?

उत्तर : मानता येणार नाहीत. मराठी ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ म्हणजे विस्तृत, विपुल या शब्दापासून आलेला आहे, आणि इंग्रजीशी त्याचे साम्य हा योगायोग आहे. अर्थातही अंतर आहे. इंग्रजी शब्द तुलनादर्शक विशेषणाला जोडला जातो, म्हणून ‘फार बेटर’ चालते आणि ‘फार गुड’ चालत नाही. मराठीत नेमके ‘फार चांगले’ हेच नित्याचे आहे. ‘फार बेटर’चा अर्थ ‘कितीतरी चांगले’ असा द्यावा. (सोलापूरच्या बोलण्यात या ठिकाणी ‘लई’ असते. त्यामुळे ‘फार’ हा शब्द अनेक मुलांना घरापेक्षा पाठ्यपुस्तकातच अधिक भेटतो, ही गोष्ट शिक्षकाला सोयीचीच म्हणावी लागेल.)

इंग्रजी शब्दाचा खरा भाऊबंद आपल्याकडे निराळा आहे. संस्कृतात जिथे ‘प’ असतो, तिथे जर्मानिक म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत ‘फ’ येतो, हे पितृ आणि फादर, पाद आणि फुट, पञ्च आणि फाइव्ह या जोड्यांवरून दिसते. त्याच हिशेबाने इंग्रजी ‘फार’चे नाते संस्कृत ‘पर’शी, म्हणजे पलीकडचा या शब्दाशी लागते. परगाव, परदेश हे त्याच घराण्यातले, आणि पैलतीर या अर्थाचा ‘पार’ हाही त्यातलाच. मराठीत हा ‘पार’ अव्यय होऊन जे काम करतो, ते मला या सर्व चर्चेत अधिक लक्षणीय वाटते. ‘तो पार हैदराबादपर्यंत जाऊन आला’ या वाक्यात तो अंतर दाखवतो, आणि ‘उन्हाने पार थकलो’ या वाक्यात अतिशयता. अंतराकडून अतिशयतेकडे जाण्याचा हाच प्रवास इंग्रजी शब्दानेही केला आहे. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज हैदराबाद’ याला मराठीत ‘पार हैदराबादपर्यंत’ याहून चपखल प्रतिशब्द मला सुचत नाही.

‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ यांविषयी थोडक्यात सांगतो. अंतरासाठी पहिला आणि ‘आणखी, पुढचा’ या अर्थी दुसरा, असा भेद अनेक शिक्षक शिकवतात व तो पाळण्यास हरकत नाही. मात्र ब्रिटिश लेखनात अंतरासाठीही ‘फर्दर’ सर्रास येतो, म्हणून तेवढ्यासाठी गुण कापू नयेत. उलट दिशेने मात्र सवलत नाही, ‘फर्दर एज्युकेशन’च्या जागी ‘फार्दर’ लिहिता येत नाही.

अंतराशी संबंध सुटलेल्या प्रयोगांत शब्दशः भाषांतर सर्वांत अधिक दगा देते. ‘सो फार’ म्हणजे आतापर्यंत, आणि ‘अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो’ म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ‘द वर्क इज फार फ्रॉम कम्प्लीट’ याचे ‘काम पूर्णत्वापासून दूर आहे’ असे मराठी छापील मजकुरातही दिसू लागले आहे. ‘काम पुरे व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे’ हे वाक्य मराठीत आधीपासून आहे, आणि त्यात ‘दूर’ही नाही, ‘लांब’ही नाही.