आरएक्स-८ ला टिपरचा टर्बो बसवला तर?

दिवचलकार:
नमस्कार मंडळी. गाडी २००४ची माझदा आरएक्स-८, २३१ पीएसवाली, सहा गिअर. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर फिरतात. आधीच्या मालकाने विलायतेहून आणलेली, मी दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून घेतली. वर ९,००० आरपीएमपर्यंत मस्त गाते, पण ३,०००च्या खाली जीवच नाही. मागच्या रविवारी चोर्ला घाटात एका डिझेल एसयूव्हीने वळणावर मला मागे टाकलं. वर तिच्या मागच्या सीटवरच्या पोराने टाटा केलं. ते टाटा अजून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे गोव्यात खाणी चालू होत्या तेव्हा टिपरांचे टर्बो दुरुस्त करणारा एक मेस्त (मिस्त्री) आहे. २०१२ला खाणी थांबल्या, तेव्हापासून त्याच्या शेडमध्ये टर्बोंचा ढीग पडून आहे. तो म्हणतो, नवीन बेअरिंग घालून १२ हजारांत देतो. बार्जवर वेल्डिंग करणारा दोस्त मॅनिफोल्ड बनवून देईल. मला फार काही नको, अर्धा बार बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) पुरे. इंजिन न उघडता हे जमेल का?

गाडी बाकी ठीक आहे. फक्त पंपावर पेट्रोल भरायला थांबलो की गरम असताना परत स्टार्ट होत नाही, बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. बॅटरी नवी टाकून झाली. ते बघून घेईन.

म्हापशेकार:
रोटरी गरम होते म्हणून लोक बूस्टमध्ये पाण्याचा फवारा मारतात असं वाचलंय. आपण गोंयकार, पाण्याच्या जागी उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) भरू. सीझन चालूच आहे. 😄

मस्कतरिटर्न:
दिवचलकार, टर्बो जरा बाजूला ठेव. तू 'बघून घेईन' म्हणून जे शेवटी ढकललंस ना, माझी नजर आधी तिथेच गेली.

थंड इंजिन उठतं, गरम उठत नाही, निवलं की परत उठतं. रोटरीत असं झालं की पहिला संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे आत हवा नीट दाबली जाते की नाही यावर. थंड तेल घट्ट असतं, सीलच्या फटी भरून काढतं. गरम झाल्यावर तेच तेल पातळ होतं, आणि स्टार्टरच्या मिनिटाला दोन-अडीचशे फेऱ्यांच्या वेगात हवा दाबली जायच्या आधीच निसटून जाते. थकलेला स्टार्टर किंवा मेलेली कॉइल असली तरी असंच होऊ शकतं, म्हणून मोजल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

मोजायला रोटरीचं खास यंत्र मिळालं तर उत्तम. नाही तर नेहमीचा कॉम्प्रेशन गेज घे आणि त्याच्या नळीतला छोटा व्हॉल्व्ह काढून टाक. तो राहिला तर गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो आणि आपण खूश होतो. रोटरला तीन बाजू आहेत, तीन आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. इंजिन गरम कर, कॉइलच्या वायरचे कनेक्टर काढ, त्या रोटरचा एक स्पार्क प्लग काढून तिथे गेज लाव. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मार, म्हणजे थ्रॉटल उघडतो आणि इंजेक्टर बंद राहतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काट्याचा व्हिडिओ घे. काटा टुण-टुण-टुण असा तीनदा सारखा उडाला पाहिजे. दोनदा उडून तिसऱ्यांदा लंगडला तर समजून जा. तुझ्या इंजिनाला २५० आरपीएमला चौरस सेंटिमीटरला किमान ६.९ किलो दाब लागतो, आणि एकाच रोटरच्या बाजूंमधला फरक दीडच्या आत हवा.

आता टर्बो. मी मस्कतला अकरा वर्षं गॅरेजात होतो. माझी स्वतःची १९८७ची आरएक्स-७ होती, टर्बो नसलेली, १३बी रोटरी इंजिनाची. माझदाने त्याच गाडीची टर्बो आवृत्ती काढली तेव्हा कॉम्प्रेशन ९.४ वरून ८.५ वर आणलं, त्यासाठी रोटरच वेगळे घातले. हे मला माहीत होतं, तरी ९.४वर अर्धा बार लावला. मोठे इंजेक्टर, मोठा पेट्रोल पंप, नवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं केलं. पंपाला जाणारी वायर मात्र जुनीच राहू दिली. कोणाला दोष देऊ, माझ्याच हातचं काम.

निझव्याच्या रस्त्यावर, संध्याकाळी, चौथा गिअर, सहा हजारच्या आसपास. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पत्र्याच्या डब्यात खडा टाकावा तसं एकदाच टक्, आणि पुढे गाडी जुन्या पिकअपसारखी फट-फट करत चालायला लागली. उघडलं तर पुढच्या रोटरचं एक एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) मोडलेलं, त्याचा एक तुकडा टर्बोच्या टर्बाइनमधून जाऊन पात्यांना खाचा पाडून गेलेला, आणि हाउसिंगच्या क्रोमवर पूर्ण गोल ओरखडा. मग पंपाच्या टोकाला मीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, पंपावर लोडमध्ये १०.८. पंप होता मोठा, पण पाहिजे तेवढं पेट्रोल वर येतच नव्हतं. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), त्यातून डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट जळायच्या ऐवजी एकदम फुटणं. पिस्टनचं इंजिन थोडं ठोकून इशारा देतं, रोटरी तेवढा वेळ देत नाही. त्या सीलचा उरलेला तुकडा बामच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. दोन मिलिमीटर जाड आहे, बस्स.

तुझी गाडी त्याहून अवघड. तुझं इंजिन, म्हणजे रेनेसिस, १०:१ कॉम्प्रेशनचं, आणि माझदाने ते टर्बो लावून कधी विकलंच नाही. एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटांत आहेत, आणि मधल्या प्लेटमध्ये दोन्ही रोटर एकाच तोंडातून बाहेर पडतात. पुढे टर्बोची अडवणूक आली की तिथली उष्णता रोटरच्या बाजूच्या आणि कोपऱ्यातल्या सीलवर (साइड सील, कॉर्नर सील) येते. लोकांनी रेनेसिसवर टर्बो चालवलेत, नाही असं नाही. पण चांगल्या इंजिनावर, कमी बूस्टवर आणि ट्यूनिंगवर भरपूर पैसे घालून.

मेस्ताच्या टर्बोचं म्हणशील, तर तो अगदीच वेड्यासारखा विचार नाही. १३बी कागदावर १.३ लिटर, पण दर फेरीला सगळीच्या सगळी १.३ लिटर हवा ओढते. म्हणजे चार-स्ट्रोकच्या हिशोबात २.६ लिटर. ७,५०० आरपीएमला मिनिटाला साधारण ९,८०० लिटर. टिपरचं सहा लिटरचं डिझेल २,५०० आरपीएमला ७,५०० लिटर ओढतं, वर त्याचा बूस्ट. म्हणजे मापाने तो टर्बो फार लांबचा नाही. अडचण उष्णतेची. डिझेलचा धूर पूर्ण लोडवर ६००-७०० अंश, रोटरीचा ९००च्या वर. डिझेलसाठी ओतलेलं टर्बाइन हाउसिंग तेवढं सोसत नाही, तडकतं. त्यातल्या बऱ्याच जुन्या टर्बोंना वेस्टगेटसुद्धा (जादा धूर बाजूने सोडून बूस्ट आवरणारी झडप) नसतो, मग तुझा अर्धा बार अर्ध्यावर थांबवणार कोण? आणि बार्जवाल्या दोस्ताला सांग, मॅनिफोल्ड साध्या माइल्ड स्टीलचा नको, जाड स्टेनलेसचा कर.

पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल ठोक कमी करतं हे खरं, पण त्यात तेवढ्याच हवेला इंधनही जास्त लागतं. ईसीयूतला जुना मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) पूर्ण थ्रॉटलवर सेन्सरचं ऐकत नाही, तिथे मिश्रण पातळ पडतं. म्हणून वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावशील तेव्हा साध्या पेट्रोलचा १४.७चा हिशोब विसर, लॅम्बडा बघ (नेमक्या मिश्रणाला १, त्याखाली म्हणजे इंधन जास्त). बूस्टमध्ये ०.७५ च्या आसपास.

म्हापशेकार, हसतोयस पण पाण्याचा फवारा खरंच चालतो. थंडाव्याचं मोठं काम पाणीच करतं, उर्राक ग्लासात राहू दे.

कागदपत्र_आधी:
एक रुक्ष गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हीप्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी बॉनेट उघडतील. आयात गाडी आहे, नाक्यावर लोक तशीही थांबून बघतात.

दिवचलकार:
काका, सगळं तीनदा वाचलं. दंडाचं वाचून घरचे खूश झाले, मला मात्र त्या १०.८ व्होल्टने जास्त घाबरवलं.

काल गेज लावला. भाऊ स्टार्टर मारत होता, मी मोबाइल धरून. वेग साधारण २४० आरपीएम. पुढचा रोटर: ५.९, ६.१, ४.८. मागचा: ६.६, ६.४, ६.५. पुढच्याचा काटा खरंच तिसऱ्यांदा लंगडला. व्हिडिओ दहा वेळा बघितला, दर वेळी वाटत होतं या वेळी नीट उडेल.

मस्कतरिटर्न:
बाबा रे, मागचा रोटर निदान सारखा तरी आहे, पण ६.९ला एकही बाजू पोचत नाही. यावर अर्धा बार टाकलास तर चोर्ल्याचं पहिलंच वळण शेवटचं ठरलं असतं. इंजिन उघडावं लागणार. तोपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर दहा लिटरला पन्नास मिलि टू-स्ट्रोक तेल टाकीत टाक, बाटलीवर 'एफडी' असलेलं. आणि तेल बघत जा. रोटर तेलानेच थंड राहतात, शिवाय मीटरिंग पंप सीलच्या वंगणासाठी थोडं तेल मुद्दाम आत सोडतो आणि ते जळतं. पातळी खाली गेली म्हणजे गळती असलीच पाहिजे असं नाही.

दिवचलकार:
गाडी शेडमध्ये लावली. मेस्ताला सांगितलं तर तो म्हणाला, "टर्बो खंय धांवना, पावसाळोभर हांगाच आसा." मामेभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, चवथीला घरी येतोय. सामानातून एपेक्स सील आणतो म्हणाला. कोणते सांगू?

मस्कतरिटर्न:
आत्ताच काही सांगू नको. आधी इंजिन उघड, हाउसिंगचं क्रोम बघ, रोटरच्या खाचा फीलर गेजने मोज. खाच रुंदावली असेल तर नवं सील त्यात खुळखुळतं, मग रोटरच बदलावे लागतात आणि ते मामेभावाच्या बॅगेत मावणार नाहीत. पाण्याचे सील, साइड सील आणि स्प्रिंगा मात्र कसंही करून लागणारच, ते आजच सांगून ठेव. उघडलंस की फोटो टाक. पुढच्या रोटरपासून सुरुवात कर.