सल्ला हवा: सदलग्याजवळ उसाच्या रानातलं पाणी हटत नाही. पाईप टाकू का चर मारू?

दूधगंगा_काठ
नमस्कार मंडळी. सदलग्याजवळ आमचं सव्वा एकर काळं रान आहे. खालच्या अंगाचा ऊस पिवळा पडायलाय. पाऊस नसतानाही कुदळ मारली की दोन फुटांवर पाणी लागतंय, वाळलं की वर पांढरी खपली धरते. भूमिगत निचऱ्याची पाईप टाकावी म्हणतोय, पण हातात 40 हजारच आहेत. पाईप का उघडी चर? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

शिरोळचा_पाव्हणा
डोळे झाकून पाईप टाका. आम्ही 80 मिमीची, भोकांची, जाळी गुंडाळलेली पाईप साडेतीन फूट खोल टाकली. आता त्याच रानात ऊस उभा आहे, कधीही येऊन बघा. पैसे जास्त जातात खरं, पण सोसायटीचं कर्ज काढा. रान वाचलं तर पैसा येतोय.

चिकोडीचा_अण्णा
पाईपबिईप कशाला? जिप्सम विस्कटा आणि नांगरून घ्या. आमचं रान त्यानंच सुधारलं.

रायबाग_माती
अण्णा, आधी माती तर तपासू दे की त्यांना. सामू (pH) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण, तिथं जिप्समचा उपयोग. नुसती खारवट असेल तर गोड्या पाण्यानं क्षार खाली धुवायला लागतात. आणि धुतलेल्या पाण्याला बाहेर वाट नसेल तर तेच क्षार उन्हाळ्यात परत वर येणार.

चिकोडीचा_अण्णा
माझ्या रानात जे झालं ते सांगितलं. कागद बघून ऊस येत नाही.

खानापूरकर
आमच्याकडं हा त्रासच नाही. जांभा दगड, कितीही पाऊस पडू दे, उघडीप मिळाली की रानात चालता येतंय. विहीर जुलैत तुडुंब भरते, उन्हाळ्यात मात्र तळ दिसतो. तुमच्याकडं पाणी जात नाही, आमच्याकडं थांबत नाही.

निपाणी_मोटर
सोपा उपाय सांगतो. रानाच्या मधोमध बोअर मारा आणि उपसत राहा. पातळी खाली गेली की वरचं पाणी आपोआप उतरेल. प्यायलाही पाणी झालं.

निवृत्त_ओव्हरसियर
मोटरवाल्यांचं पटत नाही. बोअर मारताना वरच्या मऊ थरात केसिंग, म्हणजे बिनभोकाचा पाईप, घालतात, म्हणजे जे पाणी काढायचंय तेच बाहेर अडवलं. खालचा काळा पाषाण पाणी देतो तो भेगांतून आणि कुजलेल्या थरातून. तिथलं पाणी उपसलं म्हणून वरच्या चिकणमातीतलं लगेच उतरत नाही.

हेन्री दार्सी या फ्रेंच इंजिनिअरनं 1856 मध्ये वाळूतून पाणी सोडून नियम मांडला. दोन ठिकाणच्या पातळीत जितका फरक जास्त तितकं पाणी जास्त वाहतं, वाट लांबली तर कमी. बाकी सगळं मातीवर. चिकणमातीत वाळूपेक्षा पाणी जास्तही मावतं, पण भोकं इतकी बारीक की ते हलत नाही. भोक निम्म्यावर आलं की वाट चौपट अवघड होते. जाड वाळू आणि चिकणमाती यांत लाखपटीहून जास्त फरक पडतो. म्हणून काळ्या रानात पाईपच्या ओळी जवळजवळ लागतात, आणि खर्च तिथंच वाढतो.

दूधगंगा, तुम्ही एक करा. हाताच्या गिरमिटानं चार इंची, पाचेक फूट खोल भोक पाडा. वरच्या बांधाला एक, मध्ये एक, खाली एक. पाणी चढून स्थिर होऊ द्या. मग डब्यानं उपसा आणि घड्याळ लावून किती वेळात किती इंच परत चढतं ते लिहा. पाणी कुठून येतंय ते भोकंच सांगतील.

कारदगा_77
पाईप घालणाऱ्यांनो, तोंड कुठं काढणार ते आधी बघा. आमच्या ठेकेदारानं जाळी न गुंडाळताच पाईप पुरली, गाळानं बसली. शिवाय नाल्याकडचं तोंड इतकं खाली ठेवलं की 2019 च्या पुरात नाल्याचंच पाणी उलटं रानात आलं. विचारायला गेलो तर फोन उचलत नाही.

शिरोळचा_पाव्हणा
म्हणून तर जाळीची पाईप घ्या म्हणालो. पाईपच टाका.

दूधगंगा_काठ
ओव्हरसियर काका, भोकं पाडली. मध्ये आणि खाली सकाळी उपसलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जेमतेम वीतभर चढलं. वरच्या बांधाला मात्र चार फुटांवर मुरूम लागला आणि चहा संपायच्या आत भोक भरलं. वरच्या बाजूला शेजाऱ्यांचा ऊस, त्यांचं पाटपाणी रात्रंदिवस चालू असतंय.

तर ठरवलं. पाईप नाही, जिप्सम नाही, बोअरही नाही. वरच्या बांधाच्या कडेनं जेसीबीनं उघडी चर मारतो आणि बाजूच्या ओढ्याला सोडतो. अगदी खालच्या दहा गुंठ्यांतला ऊस मोडून पॅरा गवत लावतो, त्याला पाणी चालतं आणि दोन म्हशी आहेतच.

शिरोळचा_पाव्हणा
दहा गुंठे ऊस मोडायचा? घरच्यांना विचारलंसा काय?

दूधगंगा_काठ
आईनंच सांगितलं, पाव्हणं.

निवृत्त_ओव्हरसियर
चर मुरमाचा थर पूर्ण कापून खालच्या घट्ट मातीत अर्धा फूट तरी जाऊ दे, नाहीतर पाणी चरीच्या खालून सरकून रानात येईल. कडा उभ्या ठेवू नका, काळी माती ढासळते. आणि ओढ्याच्या तोंडाशी, पुराचं पाणी चढतं त्या खुणेच्या वर, चरीचा तळ राहतोय का ते जेसीबी बोलवायच्या आधी लेव्हल लावून बघा.