गोल्फ कोर्स हिवाळ्यासाठी बंद करतोय, पाइपातलं पाणी संपत नाही. मदत हवी आहे

नऊहोल
सकाळपासून कॉम्प्रेसर लावून स्प्रिंकलरच्या लाइनी फुंकतोय. पुढच्या भागातले हेड कोरडे झाले. मागच्या भागात आधी पाणी येतं, मग धुकं, मग नुसती हवा. बंद करून थोड्या वेळाने परत चालू केलं की पुन्हा पाणी! प्रेशर वाढवू का? परवापासून रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार आहे आणि कॉम्प्रेसर भाड्याचा आहे, उद्या संध्याकाळी परत द्यायचाय. नगरपालिकेचा कोर्स, कामाला आम्ही दोघंच. लवकर सांगा प्लीज.

जास्वंद
पाइप कसला आहे? पीव्हीसी की पॉलिथिन? मेन लाइन किती इंची? कॉम्प्रेसर किती सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा देणारा? हे कळेपर्यंत प्रेशरला हात लावू नका.

माळीबुवा
पाणी निघेल हो, पण ग्रीन्सवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) वाळू टाकलीत का? शेवटच्या कापणीनंतर, गवताची वाढ थांबली की वाळूचा चांगला जाड थर द्यायचा. बर्फ उडून गेला की कोरडा वारा गवताचे कोंब वाळवून टाकतो, त्यापासून वाळूच वाचवते. आणि टाकल्यावर ब्रश फिरवू नका, गवतात वाळू मुरवायची नेहमीची टॉपड्रेसिंग नव्हे ही. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

नऊहोल
बुवा, वाळू पुढच्या आठवड्यात. आत्ता पाण्याचं बोला. पीव्हीसी आहे, मेन सहा इंची. प्रेशर ६० पीएसआय.

जास्वंद
आणि सीएफएम?

नऊहोल
१८५ लिहिलंय त्यावर.

खटपट्या
मग प्रेशर वाढवून काहीही होणार नाही. पाणी ढकलतं ते हवेचं प्रेशर नाही, हवेचं प्रमाण. सहा इंची पाइपात हवा कमी पडली की ती पाण्याच्या वरून सरकून हेडमधून निघून जाते, पाणी पाइपाच्या तळाशी तसंच राहतं. तुम्ही बंद करता तेव्हा ते सखल जागी गोळा होतं आणि पुढच्या वेळी तेच बाहेर येतं. १८५ मध्येही काम होतं, फक्त वेळ लागतो. एका वेळी एकच स्टेशन (एका व्हॉल्व्हवरचे हेड) उघडा, धुकं संपलं की लगेच बंद करा, पुढच्यावर जा, आणि सगळं फिरून झालं की पुन्हा पहिल्यापासून. एकाच हेडमधून कोरडी हवा सोडत बसू नका. आतल्या गिअरना पाण्याचंच वंगण असतं, हवेवर ते भरधाव फिरतात आणि झिजतात.

जास्वंद
सहमत. पीव्हीसीला ८० च्या वर कधीच जाऊ नका, ६० ठीक आहे. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा चटका बसेल इतकी गरम असते, त्यामुळे लाइनला जोडताना मध्ये लांब होज ठेवा, नाहीतर सुरुवातीचाच पीव्हीसी मऊ पडेल. हवा चालू असताना हेडवर किंवा व्हॉल्व्हवर वाकून बघू नका. डोळ्यांना चष्मा हवाच.

हिमकण
ग्रीन्सवर ताडपत्री घाला. सगळे प्रश्न सुटतात.

माळीबुवा
अजिबात नाही! हवा न जाणारी ताडपत्री घातली की खाली ओल कोंडते आणि स्नो मोल्ड, म्हणजे बर्फाखालची बुरशी, माजतो. वसंतात ताडपत्री काढाल तेव्हा ग्रीनवर गोल गोल करडे चट्टे दिसतील.

हिमकण
बुरशीनाशक मारून घातली तर नाही माजत. आणि मी गवत कोणतं ते बघूनच बोलतो. पोआ अन्युआ (ग्रीन्समध्ये आपोआप शिरणारं गवत) असेल तर बर्फाच्या लादीखाली साधारण दोन महिन्यांत ते गुदमरायला लागतं. ग्रीन्ससाठी लावतात ते बेंटग्रास त्याहून कितीतरी जास्त तग धरतं. ज्यांच्याकडे पोआ आहे त्यांनी ताडपत्री घालावीच.

माळीबुवा
लादी मुळात होतेच कशाने? पाणी साचून. ग्रीनच्या सखल कडेचा हातभर रुंद सॉड (मुळांसकट गवताचा थर) कापून पाण्याला वाट करून द्या, लादी धरणारच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठतं तेव्हा पोआ मरतं, कारण त्याच्या कोंबांत पाणी भरलेलं असतं. त्यावर ताडपत्री काय करणार?

जास्वंद
दोघंही धागाकर्त्याला गवत विचारा ना आधी.

नऊहोल
मिश्र आहे, जुन्या ग्रीन्सवर पोआ जास्त. पण माझा प्रश्न पाण्याचा आहे!!

बोरूबहाद्दर
एक विचारू? कोर्स बंद झाल्यावर लोकांना स्की करायला, कुत्री फिरवायला देता की नाही? नगरपालिकेची जागा आहे, कर सगळेच भरतात. आमच्याकडे फाटकाला थेट कुलूप लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

माळीबुवा
फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या गवतावर, खुशाल फिरू द्या. ग्रीन्स आणि टी (पहिला फटका मारायची जागा) मात्र दोर बांधून वेगळे करा. पायांनी दाबलेला बर्फ घट्ट होतो, उशिरा वितळतो. आणि गवतावर दव गोठलेलं असताना कुणी चाललं तर पावलागणिक पाती मरतात, ठसे कितीतरी दिवस काळे दिसत राहतात.

बोरूबहाद्दर
दोर बांधायला काहीच हरकत नाही. कुलूप नको एवढंच म्हणणं.

पारिजात
झाडांबद्दल कुणीच बोललं नाही. लहान झाडांच्या बुंध्याला जाळी गुंडाळा, बर्फाखालून उंदीर येऊन साल कुरतडतात. जाळी थोडी जमिनीत गाडायची, नाहीतर ते खालून शिरतात.

खटपट्या
नऊहोल, मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली आहे का?

नऊहोल
हो, तळ्याकडे उतरतो सगळा. पंपहाऊस तिथेच आहे.

खटपट्या
अहो, मग तिथे ड्रेन व्हॉल्व्ह असणारच! सगळ्या कोर्सचं पाणी तिथे उतरतंय आणि तुम्ही ते हेडमधून वर उडवताय. आधी कॉम्प्रेसर बंद करा, लाइनमधलं प्रेशर पूर्ण सोडा, मग सगळ्यात सखल जागेचा व्हॉल्व्ह उघडून पाणी आपोआप वाहू द्या. ते थांबलं की मगच हवा. जुना नकाशा असेल तर बघा, नसेल तर मेन लाइनच्या रेषेत तळ्याच्या बाजूला सळई टोचत जा. व्हॉल्व्ह बॉक्सचं झाकण बहुतेक मातीखाली गेलेलं असतं.

नऊहोल
सापडला! सतराव्या आणि अठराव्याच्या मध्ये, वीतभर मातीखाली हिरवं झाकण. बॉक्स चिखलाने भरला होता, हाताने उपसला, व्हॉल्व्ह पान्याने फिरवावा लागला. तासभर झाला, पाणी अजून धो धो वाहतंय. ते थांबलं की मागच्या भागाला एकेक स्टेशन फिरवून परत हवा मारतो. उद्या संध्याकाळपर्यंत होईल असं दिसतंय. खटपट्या, जास्वंद, मनापासून आभार.

हिमकण
अठरा होल आहेत?! नाव नऊहोल बघून मला वाटलं नऊच.

जास्वंद
तो ड्रेन व्हॉल्व्ह हिवाळाभर उघडाच ठेवा. बॅकफ्लोचे (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या जोडणीचे) बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवू नका, ४५ अंशांवर ठेवा, नाहीतर बॉलच्या आत अडकलेलं पाणी गोठून बॉडी फुटते. पंपाच्या खालचा ड्रेन प्लग काढून तिथेच दोरीने बांधून ठेवा, वसंतात शोधावा लागत नाही. आणि फवारणीचं यंत्र बुरशीनाशक मारून झाल्यावरच रिकामं करा, कारण तो फवारा बर्फ बसण्याच्या अगदी आधी मारायचा असतो.

माळीबुवा
आणि त्यानंतर वाळू.