कामावर खिशात ठेवायला टॉर्च कोणता घ्यावा? (बजेट ८०० रुपये)

चिंचवडकर_मेकॅनिक
मी लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं काम करतो. वाकड, हिंजवडी, रावेत हा भाग माझ्याकडे आहे. ब्रेकडाउनचा कॉल येतो तेव्हा बरेचदा सोसायटीची लाइटच गेलेली असते. मशीन रूममधला बल्ब उडालेला आणि पावसाळा असेल तर पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पाणी. शर्टाच्या खिशाला अडकेल आणि एका हाताने चालू-बंद होईल असा टॉर्च हवा आहे. कंट्रोलर पॅनलमधल्या वायरींच्या फेरूलवरचे (टोकाला घातलेल्या बारीक नळीवरचे) नंबर नीट वाचता आले पाहिजेत. लिफ्ट वर-खाली जाते त्या शाफ्टमध्ये वर चार-पाच मजले दिसले तरी बस. बजेट ८०० रुपये, सेल धरून. जाणकारांनी सुचवावं.

गगनबावडा
मोबाईलला टॉर्च असतो की. वेगळा कशाला बाळगायचा?

झोत_१८६५०
आधीच सांगतो, ८०० मध्ये मनासारखं काही मिळणार नाही. थोडे पैसे साठवा आणि १८६५० नावाच्या चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर चालणारा घ्या. मी कॉन्व्हॉय एस-२ प्लस वापरतो. सेल आणि चार्जरचे पैसे वेगळे जातात, पण वस्तू अशी की हातात घेतली की सोडवत नाही.

तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा आहे सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो ९० च्या वर हवा. स्वस्त टॉर्चच्या निळसर पांढऱ्या उजेडात लाल रंग मरतो आणि लाल व तपकिरी वायर शेजारी असल्या तर ओळखू येत नाहीत. लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या आकड्याच्या मागे लागू नका. आणि सेलवर क्षमता ९९०० एमएएच लिहिलेली असेल तर तिथूनच परत फिरा. त्या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन-चार हजारांच्या पुढे माल मावतच नाही.

निफाडची_द्राक्षं
आमच्याकडे बिबट्याचं भ्या आणि मोटारीला थ्री फेज रात्रीची. मी तीन मोठ्या सेलची बॅटरी घेतली आहे, बांधाच्या पार पलीकडचं बोराचं झाड दिसतं. घ्यायची तर अशी घ्या. खिशात मावणारी बॅटरी म्हणजे खेळणं. गावात अजून कुणाकडे इतका झोत नाही.

चिंचवडकर_मेकॅनिक
दादा, मला शाफ्टमध्ये उतरायचं असतं, एका हातात पाना असतो. हातभर बॅटरी कुठे धरू?

झोत_१८६५०
निफाडकर, तुमच्या डब्यावर किती मीटर लिहिलंय? टॉर्चच्या एफएल-१ मानकानुसार जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर मोजतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात माणूस उभा आहे इतकं कळेल, कोण आहे ते कळणार नाही. रनटाइमचंही तसंच. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे सगळे तास त्यात धरलेले असतात.

निफाडची_द्राक्षं
मला चांदण्यात बिबट्या दिसला तरी पुरे आहे.

रात्रपाळी_सिस्टर
मी वॉर्डात दोन एएए सेलचा पेन टॉर्च वापरते. डोळ्यांच्या बाहुल्या तपासायला मंद आणि पिवळसर उजेडच लागतो, झगझगीत टॉर्च पेशंटच्या डोळ्यांवर मारता येत नाही. नंबर वाचायलाही मंदच बरा, कारण जवळच्या चकचकीत पट्टीवर जोरात उजेड मारला की नुसती चमक दिसते. दादा, टॉर्चला अगदी कमी उजेडाचा मोड आहे का हे आधी विचारा, आणि चालू केल्यावर पहिला तोच लागतो का हेही. सेल कुठल्याही मेडिकलमध्ये रात्री दोनला मिळतात, हा मला मोठा आधार वाटतो.

गगनबावडा
मंद उजेड तर मोबाईललाही असतो. कमी-जास्त करता येतो.

तारापूर_बी_शिफ्ट
कुठलाही टॉर्च घेण्याआधी कामाची जागा बघा. आमच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये साधा टॉर्च गेटवरच काढून घेतात. स्विच दाबताना आत होणारी बारीक ठिणगी वाफेला पेटवू शकते, म्हणून फ्लेमप्रूफ किंवा इंट्रिन्सिकली सेफ लागतो आणि तो मान्यता असलेलाच. ही मान्यता पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) देतं, त्यांचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे. मोबाईल तर आत चालतच नाही, गगनबावडा यांनी नोंद घ्यावी.

गगनबावडा
प्रश्न लिफ्टचा आहे, सॉल्व्हंटचा नाही.

तारापूर_बी_शिफ्ट
उद्या ते केमिकल कंपनीतल्या गुड्स लिफ्टला गेले तर?

कार_टॉपवरून
लिफ्टमध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर आहे. पोरा, नीट ऐक.

पहिलं, टॉर्चला दोरी. मनगटात घाल नाहीतर बेल्टला बांध. दहाव्या मजल्यावरून टॉर्च शाफ्टमध्ये सुटला आणि खाली पिटमध्ये हेल्पर असला तर काय होईल, तूच बघ.

दुसरं, ४१५ व्होल्टचं पॅनल उघडं असताना धातूचा टॉर्च दातात धरून वाकायचं नाही. ही सवय मी अनेक पोरांत पाहिली आहे. प्लास्टिकची बॉडी घे, नाहीतर सरळ डोक्याला बांधायचा हेडलॅम्प घे. मी म्हणेन हेडलॅम्पच.

तिसरं कुणी सांगणार नाही. आजकाल टॉर्चच्या बुडाला चुंबक असतो. बऱ्याच लिफ्टमध्ये लेव्हलिंगसाठी, म्हणजे मजल्याच्या पातळीला नेमकं थांबण्यासाठी, चुंबक जवळ आला की चालणारे मॅग्नेटिक रीड स्विच असतात. कार टॉपवर, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या छतावर, त्यांच्याजवळ हा चुंबक नेलास तर कंट्रोलरला खोटा सिग्नल जाऊ शकतो. तू फॉल्ट शोधत बसशील आणि फॉल्ट तुझ्या खिशात असेल.

आणि पिटमध्ये दिवा असायलाच हवा. सोसायटीला लेखी कळव. हे टॉर्चवर भागवायचं काम नाही.

झोत_१८६५०
काकांशी सहमत, फक्त हेडलॅम्प सोडून. हेल्मेटवर पट्टा सरकत राहतो. दोन्ही बाजूंनी अडकणारी क्लिप असलेला टॉर्च घ्या, टोपीच्या कडेला उलटा लावला की हेडलॅम्पचंच काम होतं.

आणखी एक. एए सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. तो ३.७ व्होल्टचा असतो, एए दीड व्होल्टचा. टॉर्चवर दोन्ही चालतात असं लिहिलं नसेल तर घालू नका, सर्किट जळेल.

रात्रपाळी_सिस्टर
अल्कलाइन सेल घेतलात तर सुट्टीवर जाताना काढून ठेवा. माझा एक टॉर्च आत सेल फुटून पांढऱ्या खाराने भरला होता. वेळीच दिसलं तर कापसावर व्हिनेगर किंवा लिंबू घेऊन पुसता येतं, स्प्रिंग गंजली की संपलं.

कार_टॉपवरून
हेल्मेटला पट्ट्यासाठी क्लिपा मिळतात. हेडलॅम्पच घे.

निफाडची_द्राक्षं
माझ्या बॅटरीला पण दोरी आहे.

चिंचवडकर_मेकॅनिक
सगळ्यांचे आभार. काल घेतला. आतच बसवलेला सेल, यूएसबीवर चार्ज होणारा, प्लास्टिक बॉडी, बुडाला चुंबक आणि बाजूला लांब पट्टीचा वेगळा दिवा. पिंपरीतल्या दुकानात साडेसहाशेला मिळाला.

काका, तुमचं ऐकूनही चुंबकवाला घेतला, कारण माझा जास्त वेळ मशीन रूममध्ये जातो. पॅनलच्या दाराला चिकटवला की दोन्ही हात मोकळे राहतात आणि पट्टीच्या दिव्याचा उजेड सगळ्या टर्मिनलवर सारखा पडतो. रीड स्विचच्या लिफ्ट माझ्याकडे थोड्याच आहेत. तिथे कार टॉपवर जाताना टॉर्च बॅगेत राहील आणि हेल्परचा हेडलॅम्प घेईन. दोरी दुकानातच बांधून घेतली.

झोत साहेब, सीआरआय डब्यावर लिहिलेला नव्हता. म्हणून लाल, तपकिरी आणि काळ्या वायरचे तुकडे खिशात घेऊन गेलो होतो. दुकानदाराला शटर अर्धं ओढायला लावलं आणि एकेक टॉर्च पेटवून बघितला. लाल-तपकिरी वेगळे दिसले तोच उचलला. मंद मोड आहे, पण पहिला लागत नाही.

झोत_१८६५०
आतला सेल बदलता येत नाही, म्हणजे सेल गेला की टॉर्च गेला. माझं मत तेच आहे. वायरचे तुकडे नेलेत ते मात्र फार उत्तम केलंत, मीही पुढच्या वेळी नेणार. आता एक करा, पूर्ण डिस्चार्ज होऊ देऊ नका आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

गगनबावडा
साडेसहाशेत मोबाईलला चांगलं कव्हर आलं असतं, क्लिपसकट.

कार_टॉपवरून
पिटच्या दिव्याचं पत्र दिलंस का सोसायटीला?