क्लॅट लॉजिकल : दोन ऑप्शन उरले की हमखास चुकीचाच पकडते

मिरजेची_पोर
बारावी आर्ट्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. डिसेंबरला क्लॅट, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा. लीगल, जीके बरं चाललंय पण लॉजिकलमध्ये दर मॉकला माती. पॅसेज कळतो, दोन ऑप्शन उडवते आणि उरलेल्या दोनात चुकीचाच टिक करते, वर पाव मार्क कापला जातो तो वेगळाच. असम्प्शन, म्हणजे लेखकानं न बोलता काय धरलंय, ते विचारलं की संपलंच. बाबांनी जुनं पुस्तक आणलंय, त्यात नुसती रक्ताची नाती आणि गोल टेबलाभोवती कोण कुठं बसलंय, ते करत बसू का?

डगलेवाला
नको, 2020 पासून क्लॅटला पॅसेजवरच विचारतात. राज्याची सीईटी लॉ देणार असशील तर मात्र पुस्तक रद्दीत घालू नको, तिथं असली कोडी येतात.

तू ऑप्शनकडे लवकर पळतेस. आधी लेखकाला काय गळी उतरवायचंय ते शोध. मनातल्या मनात 'म्हणून' लावून बघ, ज्या वाक्याआधी ते बसतं ते कन्क्लूजन, 'कारण' बसलं तर तो पुरावा. समज कोणी म्हणालं, "मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या गाडीला बायका दुप्पट दिसतात, म्हणजे बायकांचं फिरणं वाढलं." पुरावा एसटीच्या गर्दीचा आणि निष्कर्ष एकूण फिरण्याचा, मधे मोठं भोक आहे. त्याच बायका आधी वडापने, म्हणजे खाजगी जीपगाड्यांनी, जात असतील तर? म्हणजे 'यातल्या सगळ्याच काही आधी वडापने जात नव्हत्या' हे त्यानं न बोलता धरलंय. आता ते उलटं कर, सगळ्या आधी वडापनेच जायच्या. निष्कर्ष आडवा झाला ना? मग तेच असम्प्शन. 'ही योजना चांगली आहे' उलटं करून बघ, काही बिघडत नाही, उडव.

मिरजेची_पोर
अरे देवा, मी तोच टिक केला असता, कारण योजना मला आवडते 🙈

चहा_आणि_कलम
इथेच सगळे मरतात, मला पटतं का हे कोणी विचारलेलंच नसतं. पण दादाचं ते उलटं करणं फक्त असम्प्शनला हां, स्ट्रेंदन-वीकनला, म्हणजे दाव्याला जोर कशानं येतो किंवा तो कशानं ढिला पडतो असं विचारतात तिथं, लावलंस तर गोंधळ होईल. तिथं निष्कर्ष सिद्ध व्हायची गरज नाही, थोडा इकडे-तिकडे कलला तरी पुरे. 'वडापची गर्दी तेवढीच राहिली' म्हटलं की फिरणं वाढल्याच्या दाव्याला जोर आला, 'वडापवाले रिकामे फिरतायत' म्हटलं की हवा गेली.

आणि क्लासवाले सांगतात 'फक्त', 'सगळे' दिसलं की ऑप्शन उडवा, ते आंधळेपणानं करू नको. पॅसेजच तेवढं ठाम बोलत असेल तर उत्तरही ठामच असतं. यात माझे दोन मॉक गेलेत.

न्यूजर्सीकर
इकडच्या एलसॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ प्रवेश परीक्षेचे, प्रश्न पण सोडव. ऑगस्ट 2024 पासून त्यातले लॉजिक गेम्स (तुझ्या पुस्तकातल्यासारखी कोण कुठं बसलंय टाइप कोडी) काढलेत, आता मार्कांचे दोन सेक्शन लॉजिकल रिझनिंगचेच असतात, 35-35 मिनिटांचे. प्रश्न चार-पाच ओळींचे, त्यामुळे भोक पटकन दिसतं. लॉहब या एलसॅटवाल्यांच्याच वेबसाइटवर काही पेपर फुकट आहेत. घड्याळ लावू नको सुरुवातीला.

मिरजेची_पोर
काल मॉकमधले चुकलेले 9 परत काढले, 6 मध्ये कन्क्लूजनच भलतं धरलेलं. मी आपली पॅसेजचं शेवटचं वाक्य तेच कन्क्लूजन समजायचे 🤦‍♀️ पुस्तकाचं बाबांना अजून सांगितलेलं नाही.