मदत हवी आहे: खिडकीतून झडीचं पाणी आत येतंय आणि बाल्कनीचा सरकता दरवाजा जाम झालाय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आम्ही डोंबिवलीत नवव्या मजल्यावर राहतो, ताबा मिळून दिवाळीत चार वर्षं होतील. हॉल आणि बाल्कनीच्या मध्ये ॲल्युमिनियमचा तीन पल्ल्यांचा स्लायडिंग दरवाजा आहे आणि आईच्या खोलीला पश्चिमेकडे स्लायडिंग खिडकी.

खिडकीचं आधी सांगते. पाऊस सरळ पडला तर एक थेंब आत येत नाही, पण वारा सुटून झड आली की खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं, त्यात बुडबुडे येतात, चक्क आवाज येतो बुडबुड असा, आणि मग ते पाणी आतल्या बाजूने उतू जाऊन भिंतीवरून खाली आईच्या पलंगाजवळ. गेल्या वर्षी एका माणसाला बोलावलं, त्याने बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन (फटी बुजवायचा रबरासारखा लेप) मारून दिलं, अडीच हजार घेतले, आणि यंदा पाणी कमी होण्याऐवजी दुप्पट येतंय. भिंतीला पोपडे धरलेत. रात्री पाऊस वाढला की मी उठून टॉवेल लावते, तीन वाजता पिळते, परत लावते.

दरवाज्याचं दुखणं वेगळं. तो ओढायला दोन्ही हात लागतात आणि मध्येच अडकतो. आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात तिचे, पण सकाळी तुळशीला पाणी स्वतःच घालणार. परवा दरवाजा ओढताना तोल गेला, पडदा हाताशी आला म्हणून वाचली. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. खोबरेल तेल सोडून बघितलं, दोन दिवस छान चालला, मग आधीपेक्षा घट्ट.

सगळं काढून नवीन बसवायचं म्हणजे मोठा खर्च. त्याआधी घरच्या घरी काही करता येईल का? प्लीज सांगा.

नाशिककर:
ताई, मी बावीस वर्षं हेच काम करतोय. ट्रॅकमध्ये पाणी येणं हा दोष नाही, स्लायडिंगमध्ये ते येणारच, फक्त ते बाहेर जायला हवं. त्यासाठी बाहेरच्या कडेला खालच्या अंगाला बारीक खाचा असतात, साधारण बोटाच्या पेराएवढ्या. माझी खात्री आहे की त्या माणसाने सिलिकॉन मारताना त्या खाचाच बुजवल्या, म्हणून पाणी दुप्पट झालं. आमच्या धंद्यात हे फार होतं, वाईट वाटतं बघून. ट्रॅक कोरडा असताना एक तांब्या पाणी हळूहळू ओता आणि घड्याळ लावा. पाणी मिनिटभरात बाहेर गेलं पाहिजे. तसंच साचून राहिलं तर खाच बंद आहे. आतून जुना टूथब्रश आणि पातळ तार घालून माती, सिमेंटचे खडे काढा. बाहेरचं सिलिकॉन कापायला मात्र स्वतः वाकू नका, नववा मजला आहे, बेल्ट लावणारा माणूस बोलवा.

पुण्याची मावशी:
बुडबुड्यांबद्दल सांगते, कारण मलाही आधी कळायचं नाही. मी इंजिनियर, हवेच्या दाबाचं काम केलंय. ताशी ७० किलोमीटरचा वारा काचेवर आपटला की त्याचा दाब सव्वादोन-अडीच सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा होतो. म्हणजे ट्रॅकची आतली भिंत त्याहून बुटकी असेल तर खाचा उघड्या असूनही वारा पाण्याला आत रेटतो. आतल्या बाजूची उंची स्केलने मोजा बरं एकदा. कमी भरली तर तिथे ॲल्युमिनियमची उभी पट्टी बसवून मिळते, पूर्ण खिडकी बदलायची गरज नाही. पल्ल्यांच्या कडेला जी केसाळ पट्टी असते ती पण बघा, ती झिजून चपटी झाली की वारा सरळ आत. वहीचा कागद धरून पल्ला बंद करा, कागद सहज ओढला गेला तर पट्टी गेली. ती मीटरवर मिळते आणि खाचेत सरकवून बसते.

नाशिककर:
मावशी बरोबर बोलल्या. आता दरवाजा. ताई, तेल, ग्रीस काही घालू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. आधी व्हॅक्यूमने रेल साफ करा, मग साबणाच्या पाण्याने, सुकल्यावर सिलिकॉन स्प्रे थोडासा. तरी अडकला तर चाकं गेली. पल्ल्याच्या उभ्या कडेला खाली एक छोटं भोक असतं, त्यात स्क्रू दिसला तर तो फिरवून पल्ला वर-खाली होतो, दोन्हीकडून सारखा उचला. चाक चपटं झालं असेल तर बदलायलाच हवं. पण एकटीने पल्ला काढू नका. साडेतीन बाय सात फुटांच्या पल्ल्यात ५ मिमी काच असेल तर नुसती काचच २८ किलोच्या आसपास भरते.

कल्याणहून:
ताबा मिळून पाच वर्षं व्हायच्या आत आहात ना? मग रेरा कायद्याचं (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १४(३) वाचा. कामातला दोष पाच वर्षांच्या आत लेखी कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. फोनवर बोलू नका, फोटो, व्हिडिओ लावून ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र पाठवा. बाहेरच्या माणसाने मारलेल्या सिलिकॉनवरून ते हात झटकतील, म्हणून ते काढायच्या आधीचे फोटो ठेवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. तांब्याची टेस्ट केली, दहा मिनिटं झाली तरी पाणी तसंच. मग फोटो काढून ठेवले, बेल्टवाला बोलावला, त्याने बाहेरचं सिलिकॉन कापलं तसं काळं पाणी भळाभळा खाली गेलं, बघून माझ्या अंगावर काटा आला, वर्षभर हेच तुंबलं होतं. रात्री झड आली, ट्रॅकमध्ये बोटभर पाणी दिसलं आणि बघता बघता उतरलं. टॉवेल कोरडा. आतली उंची मोजली, साडेतीन सेंटिमीटर आहे, म्हणजे पट्टी लागणार नाही ना मावशी?

दरवाज्याची चार चाकं बदलली, दोन तर एका बाजूला घासून अगदी सपाट झाली होती. आज सकाळी आईने एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हाताने दरवाजा सरकवला.

एकच राहिलंय. खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे चौकटीच्या दोन पट्ट्या (सेक्शन) जुळतात, तिथून अजून थेंब थेंब येतोय. दुकानदार जे सिलिकॉन देतोय त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आहे. हे चालेल का?

नाशिककर:
नको ताई. आंबट वासाचं ॲल्युमिनियमला आणि सिमेंटला खराब करतं. न्यूट्रल मागा, वेदर सिलिकॉन म्हणून मिळतं. दोन दिवस उघडीप बघून, सांधा स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडा करून आतून भरा. ओल्यावर भरलंत तर महिन्यात सुटेल. आणि खाचांपासून लांब ठेवा. बिल्डरला पत्र मात्र याच आठवड्यात पाठवा.