सुझुकी आरई५ रोटरी पुरात बुडालेली, इंजिन खोलू का?

कृष्णाकाठ (सांगली): मंडळी, मामांनी आखातातनं येताना आणलेली सुझुकी आरई५ घरात पडून आहे, १९७५ ची, ४९७ सीसी, सिंगल रोटर वांकेल (पिस्टनऐवजी आत रोटर फिरतो ते इंजिन). २०१९ च्या महापुरात टाकीपर्यंत पाणी होतं, नंतर नुसती धुऊन ठेवली. आता किक जागची हलत नाय. आमचा मिस्त्री (बुलेटवाला, हात चांगलाय) म्हणतोय खोलू, कोल्हापुरात उद्यमनगरला बोअर मारू (सिलेंडर आतनं कापून मोठा करू) आणि ओव्हरसाईज पिस्टन टाकू. करू का?

स्पॅनर_सातारा: अजिबात नको!! आत गोल सिलेंडरच नाय, कमरेत दबलेला लांबट आकार आहे, त्यात तिकोनी रोटर फिरतो. भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं पातळ प्लेटिंग असतं, मशीन लावलं की हाऊसिंग (रोटरभोवतालचं ते कवच) भंगारात. आणि किकवर उभं राहू नका. प्लग काढा, भोकातनं डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) मिसळून सोडा, चार दिवस मुरू द्या, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळू पुढं फिरवा, अडलं की थांबा, परत तेल सोडा. रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील (गॅस अडवणाऱ्या पट्ट्या) असतात, ते गंजून खाचेत बसलेले असणार, जोर केला तर तुटतील आणि तुकडा प्लेटिंग खरवडत फिरेल.

कृष्णाकाठ: बरं. सुटलं तर कॉम्प्रेशन बघतो, गेज आहे.

कुपवाड_लेथ: गेजमधला व्हॉल्व्ह काढून बघा, नायतर काटा वर अडकतो आणि रोटरच्या तिन्ही बाजूंतली सगळ्यात चांगली तेवढीच दिसते. काढला की काटा तीनदा उडतो. लागोपाठ दोन उड्या बसक्या असतील तर बहुतेक एपेक्स सील गेलंय, एकच बसकी असेल तर साईड सीलवर (रोटरच्या सपाट अंगांवरचं सील) संशय घ्या. आणि लेथ स्वतःचा असून सांगतोय, ते हाऊसिंग कुठल्याच लेथवर चढवू नका.

गॅरेजकट्टा (कराड): चाक फिरवायच्या आधी तेल काढा राव! इंजिनचं वेगळं, गिअरचं वेगळं, शिवाय तिसरी टाकी आहे, तिच्यातलं तेल थोडं थोडं पेट्रोलबरोबर आत जाऊन जळतं, सील त्याच्यावरच जगतात. मीटरवर ते गोल झाकण आहे का, चावी फिरवली की उघडणारं? जुजारो या इटालियन डिझायनरचं डिझाईन आहे ते, ७६ च्या मॉडेलला काढून साधे मीटर दिले. साधारण सहा हजारच गाड्या निघाल्या, त्यामुळं झाकण फुटकं असलं तरी टाकू नका.

कृष्णाकाठ: झाकण आहे, उघडत नाय. गिअरचा बोल्ट काढला तर आधी पाणीच आलं, मग पांढरट तेल. इंजिनमधनं मात्र काळं तेल पडलं, पाणी नाय. मिस्त्री रुसलाय, पण एटीएफ आणायला तोच गेलाय.

स्पॅनर_सातारा: काळं पडलं म्हणजे आशा आहे. प्लगच्या भोकातनं टॉर्च मारून फोटो टाका.